तेरा तारखेलाच रिपोर्ट का अडतो?

देवगडात आमची आंब्याची वखार. पेट्यांची आवक एक्सेलमधून एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चढवतो. तारखेचा रकाना व्हारचार, म्हणजे साधा मजकूर ठेवलाय, माझाच आळस. यंदा पहिली पेटी १ एप्रिलला. १२ पर्यंत सगळं सुरळीत, १३/०४ आली आणि कन्व्हर्जन एरर, मजकुराची तारीख होईना. वाशीचा ट्रक दारात उभा. काय करू?

> तेराला अडलं हे नशीब समजा. सर्व्हर महिना आधी वाचतोय, तेरावा महिना नाही म्हणून ओरडला. आधीच्या तारखा त्याने मुकाट उलट्या घेतल्या असणार, त्या बघा. मजकुराची तारीख करणाऱ्या कन्व्हर्टमध्ये स्टाईल १०३ द्या, म्हणजे दिवस आधी.

बापरे! १२ एप्रिलचा माल ४ डिसेंबरात. डिसेंबरात हापूस! मी नुसती बेरीज बघत होतो. १०३ दिलं, तरी एक ओळ अडतेय.

> ट्राय_कन्व्हर्ट लावा, २०१२च्या आवृत्तीपासून आहे. अडण्याऐवजी जिथे नल, म्हणजे रिकामं येईल ती ओळ खोटी.

सापडली. पोरग्याने ३१/०४ टाकलंय. आता रिपोर्टात १२-००-२०२४ छापतंय, हे काय नवीन?

> फॉरमॅटात महिन्याचा एम छोटा घातलास काय रे? छोटा म्हणजे मिनिटं. मोठा घाल.

झालं. ट्रक सुटला.