हर्क्युलिस आज घ्यावी काय? रोज बावडा ते शिरोली एमआयडीसी

बावडेकर_केदार
मंडळी, सायकल घ्यायची हाय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. कसबा बावड्यातनं शियेच्या पुलावरनं शिरोली एमआयडीसीत जातो रोज, एका बाजूला सात-आठ किलोमीटर भरतं. आतापर्यंत मोटरसायकल होती, पण साखर वाढली आणि डॉक्टर म्हणाले हालचाल पाहिजे, जिमला जाणारा मी माणूस न्हवं, म्हटलं जाता-येता सायकलच मारू. वय ४६, वजन ८८ किलो, उंची पाच फूट नऊ.

घरात वडिलांचा एकच धोशा, घेशील तर हर्क्युलिसच घे, इंग्रजी कंपनी हाय, पोलाद हाय पोलाद. ते शाहू मिलला त्याच सायकलीवरनं जायचे, अजून माळ्यावर हाय ती. कंपनीतला दोस्त म्हणतो, जुनं नाव म्हणजे नुसता स्टिकर, ती कंपनी कधीच बुडाली, असल्यात पैसे घालू नको. दुकानात गेलो तर त्याच नावाच्या दोन सायकली पुढ्यात ठेवल्या, एक काळी, रॉडच्या ब्रेकची, साडेसहाच्या आसपास, आणि दुसरी २१ गिअर, पुढं शॉकअप, डिस्क ब्रेक, चौदाच्या पुढं. दोन्हीवर नाव एकच. आता ह्यात जुनी खानदानी कोणती आणि स्टिकर कोणता? बजेट पंधरापर्यंत हाय. आज ह्या नावाला काय किंमत उरलीय का, ते सांगा.

राजारामपुरी_११वी_गल्ली
इलेक्ट्रिक घे भावा, घामानं शर्ट भिजवून कामावर जाणार काय 😄

बावडेकर_केदार
भावा, साखर माझी वाढलीय, बॅटरीची न्हाई.

जुनी_चाकं
केदारभाऊ, वडील आणि दोस्त दोघंही अर्धं अर्धं बरोबर हायत. हर्क्युलिस मूळची बर्मिंगहॅमची, १९१० ची. १९४६ ला तिकडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सनं ती विकत घेतली आणि १९४९ ला त्यांनी मद्रासच्या मुरुगप्पा घराण्याबरोबर टीआय सायकल्स काढली. तेव्हा वडिलांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात घेतली असेल तर ती मद्रासचीच, इंग्लंडची न्हवं. त्यांना सांगू नका हवं तर. बीएसए आणि फिलिप्स पण त्याच घरच्या, म्हणजे आपल्याकडं हर्क्युलिस चांगली का बीएसए ह्यावरनं चावडीवर भांडणारी माणसं एकाच मालकाच्या दोन पोरांवरनं भांडत होती.

तिकडं इंग्लंडात नुसती नावंच उरली. रॅलेसारखी १८८७ ची नॉटिंगहॅमची कंपनी, तिनं सुद्धा ह्या शतकाच्या सुरुवातीला तिथला कारखाना बंद केला, आता मालक वेगळे, माल येतो आशियातनं. आपल्याकडची रॅले आसनसोलला व्हायची, सेन-रॅले, ती पुढं सरकारनं ताब्यात घेतली आणि शेवटी बंदच पडली. त्या हिशोबानं इथली हर्क्युलिस बरी म्हणायची, घर तेच हाय आणि चालू हाय.

दोस्ताचा घोळ बहुतेक ॲटलासवरनं झाला असणार. ती सोनीपतची, १९५१ ची. तिचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला. बातमी सगळीकडं फिरली आणि लोकांच्या डोक्यात बसलं की जुन्या कंपन्या सगळ्याच गेल्या.

उद्यमनगर_फिटर
वरच्या भावानं इतिहास बरोबर सांगितला पण इतिहासावर बसून शिरोलीला जाता येत न्हाई. माझा हात रोज सायकलीवर असतो म्हणून सांगतो, राग मानू नका.

काळ्या सायकलीचं नाव वाचायचंच न्हाई. हर्क्युलिस, हिरो, ॲटलास, एव्हॉन, काय बी असूदे, २८ दीडचा टायर, काटरपिनचा (खिळीनं ठोकून बसवलेला) क्रँक, बेअरिंगची तीच वाटी, तोच कोन, तेच छर्रे. सगळं एकमेकाला बसतं. ॲटलास बंद पडून इतकी वर्षं झाली, गिऱ्हाईकं अजून येतात, एकाला पण पार्ट न्हाई म्हणून परत पाठवलेलं न्हाई कारण पार्ट ॲटलासचे नसतातच मुळी, लुधियानाचे असतात. तेव्हा काळी घेणार असाल तर कंपनी बुडंल का तरंल ही काळजीच सोडा.

गिअरवालीचं उलटं हाय. तिथं फ्रेम कंपनीची, बाकी सगळं दुसऱ्याचं. डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरनं दुसऱ्यावर सरकवणारा, शिमानोचा न्हाईतर चायनाचा, टायर तिसऱ्याचा, शॉकअप चौथ्याचा. जुन्या नावाची घ्या न्हाईतर काल निघालेल्या कंपनीची घ्या, तेवढ्या पैशात आत तेच सामान निघणार. मग नावाचा उपयोग काय, तर एकच, पार्ट मिळतो का आणि गॅरंटीत फ्रेम बदलून देणारं कोण गावात हाय का. मागच्या डिरेलरचा जो हँगर असतो, बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा. सायकल उजव्या अंगावर पडली की वाकतो, वाकायलाच केलेला असतो, फ्रेम वाचवतो. पण तो मिळाला न्हाई की चौदा हजाराची सायकल भिंतीला टेकवून ठेवायची. एकाची अशीच हाय माझ्याकडं, नाव सांगत न्हाई, ऑनलाईन घेतलेली, हँगरपायी तीन महिने उभी हाय. घेतानाच एक जादा हँगर मागून घ्या, न्हाई दिला तर सायकल पण घेऊ नका.

आणि सायकल खोक्यातनं अर्धी सुटी येते हे ध्यानात ठेवा. हँडल, पुढचं चाक, पायंडल, ब्रेक हे दुकानातलं पोरगं बसवतं. कंपनीनं कितीबी चांगली पाठवली तरी त्या पोरानं कोन आवळून ठेवला आणि ग्रीस लावलंच न्हाई तर महिन्यात कुरकुर सुरू. तिथंच उभं राहून चाक उचलून फिरवा, ब्रेकच्या रबरापासनं रिम डावी-उजवी झुलते का बघा. झुलली तर आउट काढून मगच पैसे द्या.

बावड्याची_आक्का
मी बावड्यातनंच जातो, शाहूपुरीला, बँकेत हाय. केदारदादा, तुम्ही सगळं विचारलं पण पावसाचं कुणी काय बोललंच न्हाई! जून ते सप्टेंबर काय सायकल घरात ठेवणार काय?

माझ्याकडं आधी काळीच लेडीज होती, रॉड ब्रेकची. क्रोमची रिम ओली झाली की ब्रेक लागतच न्हाई हो, नुसता दाबत बसायचा, चाक आपलं फिरतंच. एकदा एसपी ऑफिसच्या चौकात सिग्नलला केएमटी बसच्या मागं थांबायचं होतं आणि मी दोन्ही पाय घासत थांबलो, चप्पलचा तळ गेला. नंतर ॲल्युमिनियमच्या रिमची घेतली साध्या व्ही ब्रेकची, गिअरबिअर काय न्हाई, पाऊस असला तरी थांबते. तेव्हा काळी घ्यायचीच तर अलॉय रिम आणि कॅलिपर ब्रेक मिळतो का विचारा, पण रॉडचा ब्रेक आणि क्रोमची रिम पुलावर ट्रकच्या मागं, नको बाई.

आणि मडगार्ड! गिअरवाल्या सायकलीला मडगार्ड नसतं न्हाईतर नावाला असतं. शियेच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरनं पाडलेला चिखल माहीत हाय न्हवं, पाठीवर रांगोळी निघते.

जुनी_चाकं
आक्काचं शंभर टक्के बरोबर. पण काळीची एक बाजू मांडतो. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, पुढं झुकलेला, चाकाचा घेर मोठा, खड्ड्यातनं जाताना जी गादीसारखी जाते ती ह्या चौदा हजारी शॉकअपच्या सायकलीला जमत न्हाई. त्या शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते, वजन वाढवते बाकी काय न्हाई.

उद्यमनगर_फिटर
ते खरं. पण काळी वीस किलोच्या वर भरते, माणूस ८८ चा आणि रोज वारा खात पुलावरनं जाणार, पहिला आठवडा हौसेनं जाईल. ज्याला काळीच पाहिजे त्याला माझा सल्ला, मागच्या चाकाचं १८ दातीचं फ्रीव्हील (साखळीचं दातेरी चक्र) काढून २० न्हाईतर २२ चं टाकून घ्यायचं. शेदीडशे रुपयात काम होतं आणि चढाला मांडी धरत न्हाई. कंपनी १८ का देते कळत न्हाई, सपाट पंजाबातनं बघितलं तर बरोबर वाटत असंल.

अजून एक, पुराचं. २०१९ आणि २०२१ ला पाण्यात बुडालेल्या सायकली आल्या माझ्याकडं ढिगानं. काळ्या सगळ्या उघडल्या, काटर ठोकून काढला, कोन खोलला, आत ग्रीसच्या जागी पंचगंगेचा गाळ, छर्रे करडे आणि खडबडीत, बोटात धरून फिरवले तरी कळायचं. रॉकेलात धुतलं, नवे छर्रे, नवं ग्रीस, गेली सायकल घरी. गिअरवाल्यांची बीबी, म्हणजे पायंडलाच्या क्रँकचं बेअरिंग, बंद डब्याची असते, ती खोलता येत न्हाई, आख्खी बदलायची. डब्याची कार्ट्रिज चांगली असते हे मी पण मानतो, वर्षानुवर्षं हात लावावा लागत न्हाई, पण बुडाली की बुडाली.

बावडेकर_केदार
मंडळी, जाम माहिती दिलीसा. बाबांना मद्रासचं सांगितलं, ते म्हणाले असंल पण डिझाईन इंग्रजांचंच होतं. ☺️

आक्काचं ब्रेकचं पटलं, रॉडचा ब्रेक कट. मग आता त्याच नावाची २१ गिअरवालीच राहिली, ती घेऊ काय? का दुसऱ्या कुठल्या जुन्या कंपनीची बघू, हिरोची वगैरे? दुकानदार म्हणतो हिरो जगात एक नंबर.

जुनी_चाकं
हिरोचं एक नंबर म्हणजे संख्येनं. लुधियानाची, १९५६ पासनंची, १९८६ ला सगळ्यात जास्त सायकली बनवणारी म्हणून गिनीज बुकात गेली. ढीग बनवतात म्हणजे तुमच्या पुढ्यातली चांगलीच असंल असं न्हाई, वाईट असंल असं पण न्हाई. फायरफॉक्स पण आता हिरोचीच, २०१५ ला घेतली, आणि मॉन्ट्रा हर्क्युलिसवाल्यांचीच. म्हणजे तुम्ही जुनी का नवी म्हणून जी भांडणं लावताय त्यात बऱ्याचदा एकाच घरातले थोरले आणि धाकटे असतात. जुन्या नावाखाली स्वस्त माल जातो आणि महाग माल नव्या नावानं, त्यामुळं जुन्या नावाला उगाच कमी लेखलं जातं.

उद्यमनगर_फिटर
२१ गिअर ऐकून खुळं होऊ नका. बावडा ते शिरोली चढ किती, पुलाचा आणि हायवेला लागतानाचा. तीन गिअर पण तुम्ही बदलणार न्हाई. मी असतो तर शॉकअप नको म्हणालो असतो, डिस्क पण नको म्हणालो असतो. ह्या किमतीतली तारेची डिस्क नीट सेट करणारा मिळाला तर ठीक, न्हाईतर नुसती चिंईं चिंईं करत फिरायचं. साधा चिमटा, व्ही ब्रेक, डबल वॉल अलॉय रिम, मडगार्ड आणि कॅरिअर बसायला फ्रेमला भोकं. ह्या पाच गोष्टी असल्या की वरचं नाव हर्क्युलिस असूदे न्हाईतर काय बी. त्या शॉकअपचे वाचलेले पैसे चांगल्या टायरात घाला, शियेच्या रस्त्याला काचा आणि खिळे लई.

आणि वजनामुळं एक नक्की विचारा, मागं फ्रीव्हील हाय का कॅसेट (आट्याशिवाय हबवर सरकवून बसवलेली चक्रं). आटे घालून बसवलेल्या सात गिअरच्या फ्रीव्हीलला उजव्या बाजूचा छर्रा लांब आत राहतो, चाकाचा कणा (ॲक्सल) तेवढा उघडा पडतो, जड माणसाचा खड्ड्यात वाकतो न्हाईतर तुटतो. बदलणं काय अवघड न्हाई, पण शिरोलीच्या वाटेवर तुटला तर ढकलत या. सिंगल स्पीड घेतली तर ही भानगडच न्हाई. खरं सांगू का, तुमच्या रस्त्याला हलकी सिंगल स्पीडच बास झाली, जुन्या कंपन्यांच्यात तशा मिळतात, दुकानदार पुढं ठेवत न्हाईत कारण त्यात सुटतं कमी.

बावड्याची_आक्का
माझी तशीच हाय. संध्याकाळी भगव्या चौकात भेटा, चालवून बघा, पण उंचीला लहान पडंल तुम्हाला, सीट वर काढून बघू. आणि बिल घेताना टॅक्स बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासनं सायकलवरचा जीएसटी १२ वरनं ५ झालाय, जुन्या छापील किमतीचा कागद दाखवून काही जण अजून तोच आकडा सांगतात.

बावडेकर_केदार
आक्का, उद्या सहाला येतो. फिटरभाऊ, आख्ख्या सायकलीचं राहूदे, माळ्यावरची बाबांची काढून तुमच्याकडं आणली तर अलॉय रिम आणि ब्रेक बसवून द्याल काय? ऑफिसला न्हाई, रंकाळ्याला रविवारची.

उद्यमनगर_फिटर
आणा. २८ दीडची अलॉय रिम मागवावी लागंल, चिमट्याला कॅलिपरचं भोक हाय का ते बघून सांगतो. फ्रेमला आतनं गंज किती हाय ते सीटचा पाईप काढल्यावर कळतं, तो अडकला असंल तर घरी हातोडा मारू नका, डिझेल सोडून दोन दिवस तसाच ठेवा. सोमवारी दुकान बंद असतंय.