पावसात सिंहगड घाट, इलिप्टिकल सायकलवर

प्रश्न: माझी इलिप्टिकल सायकल (सीट नसलेली, उभं राहून लंबगोलात पाय फिरवत चालवायची): २० इंची चाकं, रिम ब्रेक (चाकाच्या कडीवर, म्हणजे रिमवर दाबणारे), ८ गिअरचा हब (गिअर मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात). ओल्या उतारावर काय जपावं?

उत्तर १: पावलं मागेपुढे पण एका पातळीत, गुडघे वाकवून वजन खाली-मागे. उभं राहिल्याने गुरुत्वमध्य उंच असतो; नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबलात तर तोंडावर पडाल. ओली रिम सुरुवातीला नीट धरत नाही, म्हणून वळणाच्या बरंच आधीपासून ब्रेक हलके दाबून पाणी पुसून घ्या.

उत्तर २: वेग वळणाआधीच उतरवा. पांढरे पट्टे आणि शेवाळलेली कड टाळा. टायरमध्ये नेहमीपेक्षा ५ पीएसआय हवा कमी चालेल, पण टायरवर छापलेल्या किमान आकड्याखाली नको.

उत्तर ३: चढाचं राहिलंच की! गिअर आधीच हलका करा. जोर असताना हबचा गिअर नीट पडत नाही, क्षणभर पाय सैल सोडा. बूट खाचांच्या तळाचे घाला.