टँकरचं बिल समान वाटावं की वापराप्रमाणे?

चाफा: आमची ४८ सदनिकांची सोसायटी. मार्चपासून महापालिकेचं पाणी पुरत नाही. १०,००० लिटरचा टँकर १,५०० रुपयांना पडतो आणि बिल सरळ ४८ने भागलं जातं. ‘पाणी जपून वापरा’ची नोटीस दर उन्हाळ्यात लागते, वापर काही उतरत नाही. मीटरचा विषय सभेत तीनदा बारगळला. वाटणी न्याय्य कशी करावी, आणि ती मंजूर कशी व्हावी?

नीरा: लोक बेफिकीर आहेत म्हणून नोटीस फुकट जाते असं नाही. हिशोबच तसा आहे. टँकरचं पाणी लिटरला १५ पैसे. एका घराने रोज १०० लिटर वाचवले तर सोसायटीचे १५ रुपये वाचतात, पण ते ४८ घरांत वाटले जाऊन त्या घराला मिळतात जेमतेम ३१ पैसे. महिन्याला साडेनऊ रुपयांसाठी कोण फ्लशचा वॉशर बदलून घेईल? उलट शंभर लिटर वाया घालवणाऱ्यालाही तेवढेच ३१ पैसे पडतात, बाकीचे शेजारी भरतात.

मीटरच्या आधी गळती शोधा. रात्री दोन ते चार टाकीत येणारं पाणी बंद ठेवून पातळी मोजा. ४ मीटर बाय ३ मीटरच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर. त्या वेळी वापर नसल्यात जमा असतो. तरी पातळी भराभर उतरत असेल तर बहुधा फ्लश गळताहेत. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून पंधरा-वीस मिनिटं फ्लश न करता थांबा. भांड्यात रंग उतरला की वॉशर गेला समजा. ही गळती आवाज करत नाही, म्हणून वर्षानुवर्षं राहते.

गणिती: वाटणीसाठी दोन प्रश्न वेगळे करा. पाण्यावर हक्क कोणाचा किती, हा एक. जास्तीचा लिटर केवढ्याला पडतो, हा दुसरा. सभेत दोन्ही एकत्र होतात आणि भांडण तिथेच सुरू होतं.

समजा महिन्याला महापालिकेचं ४,८०,००० लिटर येतं आणि ३६ टँकर लागतात, म्हणजे ५४,००० रुपये. आज प्रत्येक घर १,१२५ भरतं. त्याऐवजी महापालिकेच्या पाण्यातला १०,००० लिटरचा समान वाटा प्रत्येक घराला द्या. वाट्याच्या वर गेलेल्याला लिटरला १५ पैसे आकारा, खाली राहिलेल्याला त्याच दराने परत द्या. २५,००० लिटर वापरणारं घर २,२५० भरेल, ९,००० वापरणाऱ्याला १५० परत मिळतील. बेरीज बरोबर ५४,०००च येते, सोसायटीला खिशातून काही घालावं लागत नाही. सरासरी दर (एकूण खर्च भागिले एकूण लिटर) मात्र लावू नका. वाचलेला प्रत्येक लिटर टँकरचा असतो, म्हणून दरही टँकरचाच हवा.

मीटर बसवताना खरी अडचण डक्टची, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीची. दोन बाथरूम आणि स्वयंपाकघराला पाणी वेगवेगळ्या उभ्या पाइपांतून येतं, म्हणजे घरटी तीन मीटर, एकूण १४४. मीटरच्या आधी जाळी हवीच, नाहीतर टँकरमधली रेती आत अडकते. टाकी रिकामी होऊन पाइपात हवा शिरली की मीटर हवेवरही फिरतो, म्हणून टाकी तळाला जाऊ देऊ नका. वरच्या दोन मजल्यांवर दाब आधीच कमी असतो, तो तपासून मगच मीटर घ्या. थेंब थेंब गळती मीटर पकडत नाही. त्यामुळे घरांची बेरीज टाकीवरच्या मोठ्या मीटरपेक्षा कमी भरणारच. तो फरक सगळ्यांत समान वाटा, आणि महिन्यागणिक वाढू लागला तर प्लंबर बोलवा.

चाफा: सहा जणांच्या घराचं काय? माणशी १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरलं तरी त्यांचे महिन्याला २४,३०० होतात. म्हणजे २,१४५ रुपये!

गणिती: त्यांची तक्रार रास्त आहे. अर्धा वाटा घरटी, अर्धा माणशी ठेवा. दर १५ पैसेच राहतो, त्यामुळे वाट्यात हात सैल सोडला तरी बचतीचं कारण संपत नाही. सगळा वाटा माणशी केलात तर कागदावर माणसं वाढतील आणि कोणाकडे किती जण राहतात हे शेजाऱ्यांना मोजत बसावं लागेल. भाड्याच्या घरांत बिल मालकाला जातं, नळ भाडेकरू उघडतो. तिथे पाण्याचं बिल भाडेकराराच्या अटीत घाला.

नीरा: मंजुरीचं बोलायचं तर बहुतेक ठिकाणी थोडी घरं खूप पाणी वापरतात. सरासरी त्यांच्यामुळे वर जाते आणि निम्म्याहून जास्त घरं तिच्या खाली असतात, म्हणजे फायदा बहुमताचाच असतो. तरी ठराव पडतो, कारण आपण कुठल्या बाजूला आहोत हे कोणालाच माहीत नसतं. सामायिक साधनं लोक मिळून कशी सांभाळतात, या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या संशोधनाची सुरुवात लॉस एंजेलिसजवळच्या भूजलापासून झाली. तिथे उपसा करणाऱ्यांनी मर्यादा मान्य केल्या, आणि कोण किती उपसतो याचा अहवाल दरवर्षी सगळ्यांसमोर ठेवणारा तटस्थ माणूस नेमला गेला.

म्हणून पहिला ठराव फक्त मीटर बसवण्याचा आणा, आकारणीचा नको. तीन महिने जुन्याच पद्धतीने पैसे घ्या, पण बिलावर शेजारी छापा: ‘वापराप्रमाणे तुमचं बिल इतकं आलं असतं.’ आकारणीचा ठराव त्यानंतर आणा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर आहे. तेव्हा उपविधीतली दुरुस्ती त्याच सभेत मंजूर करून सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदवून घ्या.