शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची ती गार रात्र, नेमकी कोणी हिरावली?

रामबागकर : "इंदूरला उकाडा पूर्वीही होता, हरितगृह परिणाम हे पाश्चात्त्यांचे थोतांड आहे," हे काल येथे लिहिलेले वाक्य वाचून राहवले नाही. हवेतील काही वायू उष्णता अडवून धरतात, तोच हा परिणाम; तो नसता तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते. तक्रार आहे ती त्याच्या अतिरेकाची. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता ४२०च्या वर गेला आहे आणि जमीन रात्री जी उष्णता सोडते तिची वाट तो अडवतो. आमच्या लहानपणी वैशाखातही गच्चीवर पहाटे पांघरूण शोधावे लागे; आज चादरही नकोशी होते.

जुना अभियंता : ते वाक्य माझेच. 'थोतांड' मागे घेतो, कारण वायू उष्णता शोषतात हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडाल यांनी १८५९ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. मात्र आपल्या गच्चीचा हिशेब साऱ्या वातावरणाच्या खाती घालू नका. कौले उतरवून स्लॅब आपणच टाकले, अंगणात फरशी आपणच बसवली आणि वाड्यातली चिंचही आपणच तोडली. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री गार वारा देईल काय?

माळव्याची काकू : आणि एसीचे काय? शेजाऱ्यांच्या यंत्राचे बाहेरचे तोंड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर आहे. तीन उन्हाळे विनवते आहे, पोळ्या लाटताना भोवळ येते आणि ही विद्वान मंडळी टिंडाल काढून बसली आहेत.

जुना अभियंता : काकू, आमच्या घरी सत्त्याऐंशी वर्षांच्या आईसाठी एसी लावला आहे. त्याबद्दल कोणाचा उपदेश ऐकून घेणार नाही.

माळव्याची काकू : आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. मी एसी बंद करा असे म्हटलेले नाही, यंत्राचे तोंड रस्त्याकडे वळवा एवढेच म्हटले. शेजाऱ्याच्या घरात उष्णता सोडून स्वतः गारव्यात झोपण्याला माझ्या सासूबाई वेगळा शब्द वापरीत, तो येथे लिहिता येत नाही.

रामबागकर : काकूंची खिडकी विषयाबाहेरची नाही, कारण त्या एसीची बरीचशी वीज कोळसा जाळूनच येते. अभियंतासाहेब, शहर अधिक तापण्यात काँक्रीटचा हात आहे, हे मला मान्य आहे. पण समुद्रावर कोणी स्लॅब टाकलेला नाही, तरी तोही तापतो आहे. दोष सूर्याचा म्हणावा तर वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, तापायला हवा होता. तो उलट थंड होत आहे.

जुना अभियंता : समुद्राचा मुद्दा बिनतोड आहे, अभिनंदन. तूर्त, रामबागकर, आपल्या गच्चीवर मागच्याच दिवाळीत टाकलेला नवा स्लॅब आठवून मी गप्प बसतो.

माळव्याची काकू : दोघांचे जमले, आनंद आहे. खिडकीचे अजून कोणी काही लिहिले नाही.