कैद्याचा चष्मा: कुणी द्यायचा, का द्यायचा?

रंकाळ्याचा वारा:
आमच्या गल्लीतला एकजण कच्चा कैदी म्हणून आत आहे. वय 52. (तुरुंग कुठला ते मुद्दाम लिहीत नाही.) चष्म्याची आधी दांडी मोडली, मग काच गेली. भाऊ मुलाखतीला गेला तर गडी वकिलाचा कागद लांब धरतोय, जवळ आणतोय, पुन्हा लांब. शेवटी म्हणाला, "तूच वाच." महिना झाला, नवा चष्मा आत गेलेला नाही. स्वतःवरची चार्जशीट वाचता येत नाही, तो बचाव काय करणार? आत घेतानाच डोळे तपासा आणि चाळिशीचा चष्मा तिथल्या तिथं द्या. कोल्हापुरात महाद्वार रोडला शे-दीडशेत मिळतो.

गगनबावडेकर:
आमची आजी मोतीबिंदूसाठी एसटीनं तीन हेलपाटे घालून आली. तिनं कुणाचं घर फोडलं नव्हतं. आधी बाहेरच्यांचं बघा, मग आतल्यांचं.

रंकाळ्याचा वारा:
कच्चा कैदी म्हणजे गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. देशात चार कैद्यांतले तीन असेच आहेत. आजीचे हेलपाटे थांबलेच पाहिजेत, पण ह्याचा चष्मा अडवून ते कसे थांबणार?

साधा वकील:
2020 च्या नोव्हेंबरात तळोजा तुरुंगात गौतम नवलखांचा (एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी) चष्मा चोरीला गेला आणि डिसेंबरात घरून पाठवलेलं पार्सल तुरुंगानं घेतलं नाही, अशी घरच्यांची तक्रार होती. मुंबई उच्च न्यायालयानं तेव्हा माणुसकीची आठवण करून दिली.

गगनबावडेकर:
त्यांचा चष्मा पेपरात तरी आला. आणि आत काच गेली की हत्यार होतंय, ते?

साधा वकील:
प्लॅस्टिकच्या काचा निघून जमाना झाला.

थेंबवाले काका:
नेत्रतपासनीस म्हणून निवृत्त झालोय. तुम्ही सगळे चष्म्यावरच अडलाय. चष्मा नसला की माणूस बोंबलतो, काचबिंदू बोंबलत नाही. त्यात बाजूची नजर आधी जाते. बाहेर असता तर रस्ता ओलांडताना धडकला असता, दवाखाना गाठला असता. बराकीत बाजूला भिंतच, कळणार कसं? शुगरवाल्याचा डोळ्याचा पडदाही असाच गुपचूप बिघडतो. गेलेली नजर बहुतेकदा परत येत नाही. मोतीबिंदू काढला तरी पुढं चार-सहा आठवडे थेंब लागतात, तपासणीला न्यायला पोलीस गार्ड लागतो. गार्ड मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेला की तारीख हुकली! म्हणून फोटोपुरत्या शिबिराला माझा विरोध. डोळ्याचा माणूस महिन्यातून ठरल्या वारी आत गेला पाहिजे.

गगनबावडेकर:
गार्डचं पटलं, काका. खर्चाचं नाही. आत काम करून मजुरी मिळते की. आपल्या कळंब्याच्या तुरुंगात अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कैदीच वळायचे. त्यातनं घ्यावा चष्मा.

रंकाळ्याचा वारा:
सक्तमजुरी शिक्षा झालेल्याला. कच्च्याला कामाची सक्ती नाही, मग मजुरी कुठली? घरची मनीऑर्डर आली तर आली. आणि बुंदीतला खडा बघायलाही चष्माच लागतोय की भावा!

गगनबावडेकर:
हाहा, हे बरोबर. पण पैसे त्याच्याच नावावर मांडा, सुटल्यावर फेडू दे.

थेंबवाले काका:
मांडा की. आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं काय झालं?

गगनबावडेकर:
पुढच्या मंगळवारी बोलावलंय. चौथा हेलपाटा.