थंडीत पहाटे बागेला पाणी का सोडायचं? पोरीला नीट उत्तर द्यायचंय

द्राक्षवाला_निफाड:
मंडळी, नमस्कार. निफाड तालुक्यात २ एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा ५-६ वर आल्याची बातमी आली की आमची झोप उडते. बांधावर शेकोट्या पेटवायच्या आणि पहाटे ३ वाजता ठिबक चालू करायचं, हे वडिलांपासून चालत आलंय. त्यांच्या वेळी ठिबक नव्हतं, ते पाटाने पाणी फिरवायचे.

परवा मुलगी हट्टाने माझ्यासोबत आली. नववीत आहे. विहिरीवर वाफ दिसत होती. तिने ठिबकच्या नळीखाली हात धरला आणि म्हणाली, "पप्पा, हे तर कोमट आहे!" मग लगेच दुसरा प्रश्न. "पण आपल्या अंगावर पाणी पडलं तर थंडी वाढते. मग बागेची थंडी पाण्याने कमी कशी होते?"

मी म्हणालो, जुनी माणसं सांगून गेलीत. ती गप्प बसली, पण मलाच ते उत्तर आवडलं नाही. ३ वर्षांपूर्वी ऐन थंडीत आमची मोटर जळाली, तेव्हा सलग २ रात्री पाणी देता आलं नाही. घडांना हात लावला की तडकलेले मणी बोटांना चिकटायचे. म्हणजे पाण्यात काहीतरी आहे हे मला पक्कं माहीत आहे. ते काय आहे, हे कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

रसायन_गुरुजी:
दादा, २९ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण इतका चांगला प्रश्न वर्गात क्वचित आला. मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन मध्ये आणि त्याला दोन हायड्रोजन, सरळ रेषेत नाही तर १०४.५ अंशांच्या कोनात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण होते आणि हायड्रोजनची किंचित धन. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरतो. हा हायड्रोजन बंध. एकेकटा तसा दुबळा, सारखा तुटतो आणि जुळतो, पण थेंबाथेंबात असे अब्जावधी.

हे बंध नसते तर काय झालं असतं? गटारातला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू घ्या, हायड्रोजन सल्फाइड. त्याचा रेणूभार ३४, पाण्याचा १८. जड रेणू उशिरा उकळावा, पण तो उणे ६० अंशांलाच उकळतो आणि पाणी १०० ला. केवळ त्या धरून ठेवण्यामुळे पाणी आपल्याला द्रव मिळतं. नाहीतर विहीर नाही, वेल नाही, आपणही नाही.

आता तुमची बाग. पाणी तापवायचं तर आधी या बंधांशी झगडावं लागतं, म्हणून त्याला उष्णता फार लागते. १ किलो पाणी १ अंशाने तापायला १ किलोकॅलरी, कोरड्या मातीला त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. जेवढी घेतली तेवढी निवताना परत मिळते. हिशोब करू. ९ बाय ५ फुटांवर लागवड असेल तर एकरी साधारण ९५० झाडं. झाडाला तासाला ४ लिटर देणारे २ ड्रिपर धरले तर ३ तासांत जवळपास २३ हजार लिटर. पाणी २२ अंशांचं असेल आणि ६ पर्यंत निवलं, तर सुमारे ३ लाख ६८ हजार किलोकॅलरी उष्णता बागेत सुटली. १०० किलो वाळलेलं लाकूड जाळावं तेवढी! शेकोटीची धग बरीचशी वर आभाळात जाते, ही जमिनीलगत राहते. शिवाय ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री खालून वर पोचवते. कोरडी भुसभुशीत माती तिथे गोधडीसारखी आडवी येते.

अंगावर पाणी पडल्यावर थंडी का वाजते? तिथे पाणी वाफ होऊन उडतं. बंध पुरते तोडायचे तर प्रत्येक ग्रॅमला जवळपास ६०० कॅलरी लागतात, आणि त्या तुमच्या अंगातून जातात.

मिशिगनचा_मिरजकर:
गुरुजींच्या शेवटच्या ओळीवरून आठवलं. इकडे ब्लूबेरीच्या मळ्यात मे महिन्यात रात्री फुलांवर दव गोठायची भीती असते. तेव्हा रात्रभर तुषार सिंचन चालवून फुलांवर बर्फाचं कवच मुद्दाम चढू देतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, झालं, मळा गेला. पण पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी सोडतं, म्हणून नवं पाणी गोठत राहतं तोवर आतलं फूल शून्याच्या आसपास टिकतं. धोका पाणी मध्येच बंद करण्यात. १ ग्रॅम उडालं की सुमारे साडेसात ग्रॅम गोठून मिळालेली उष्णता घेऊन जातं. म्हणून ऊन पडून बर्फ सुटेपर्यंत इथे कुणी नळ बंद करत नाही.

बागेतली_ताई (तासगाव):
गुरुजी, छान सांगितलंत. भाऊ, एक काळजीचं सांगते. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरायला लागल्यावर, ३-३ तास रोज सोडू नका. मुळं पाणी ओढतात, थंडीत पानं ते उडवत नाहीत, मणी फुगतो आणि सालच फाटते. आम्ही तेव्हा वेळ कमी करतो आणि हात घालून माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, आहे का ते बघतो. आणि मुलीला हेही दाखवा: झिरो झिरो फिफ्टी हे पोटॅशचं खत बादलीत टाकल्यावर नाहीसं होतं ना, ते पाण्याचे रेणू पोटॅशला चहूबाजूंनी घेरतात म्हणून. वेलीला चावता येत नाही, ती जे खाते ते पिऊनच खाते.

द्राक्षवाला_निफाड:
गुरुजी, ताई, भाऊ, मनापासून आभार. काल रात्री सगळं पोरीला वाचून दाखवलं. तिने दुकानातून २ थर्मामीटर आणायला लावले. एक पाणी सोडलेल्या ओळीत घडाच्या उंचीवर बांधला, दुसरा शेजारच्या कोरड्या पडीत तेवढ्याच उंचीवर. पहाटे साडेपाचला पडीत ५, ओळीत साडेसहा. विहिरीचं पाणी २३ भरलं. तिने वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय.

ताई, आमच्या घडात पाणी उतरायला लागलंय, म्हणून आजपासून दीड तासच सोडतो. आता ती विचारतेय की विहिरीचं पाणी थंडीतही २३ च कसं राहतं. गुरुजी, तेवढं सांगाल?