मदत हवी आहे: ट्रॅक्शन कंट्रोल बॉक्स लावल्यापासून दुसऱ्या गियरला पॉवर तुटते

निळी_हॅचबॅक
लोकहो, रविवारी ट्रॅक डे आहे, लवकर सांगा. टर्बो गाडी, ट्यून केलेली, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवलाय. बाहेरचा ट्रॅक्शन कंट्रोल बॉक्स बसवला, चाकं घसरली की इंजेक्टर कट करून पेट्रोल तोडणारा. दुसऱ्या गियरला बूस्ट आला की पॉवर भडभडत तुटते. रस्ता कोरडा, स्टिअरिंग सरळ, तरीही. मध्येच एबीएसचा दिवा लागतो. स्लिप (ओढणारी चाकं बाकीच्यांपेक्षा किती जास्त फिरली की बॉक्सने कापायचं तो आकडा) ५ टक्क्यांवर आहे. किती ठेवू?

चौथा_गियर
गाडी पुढची चाकं ओढतात की मागची? ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मूळचाच रिमॅप केलाय की स्टँडअलोन, म्हणजे वेगळा बसवलेला? इंजेक्शन पोर्ट की डायरेक्ट (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये)? डायरेक्ट असेल तर साधा बॉक्स मध्ये घालताच येत नाही, ते इंजेक्टर बॅटरीच्या व्होल्टेजवर उघडत नाहीत.

टायरप्रेमी
बॉक्स काढा आणि एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एकच चाक भिरभिरू न देणारं) बसवा. ओपन डिफरन्शियल असेल तर एकच चाक भिरभिरत राहतं, त्यावर पॉवर कापणं हा इलाज नव्हे. मी एलएसडी घातल्यापासून बॉक्सची गरजच पडली नाही.

निळी_हॅचबॅक
एलएसडी मी विचारलेला नाही. फ्रंट व्हील, रिमॅप, पोर्ट इंजेक्शन. आकडा सांगा ना कुणीतरी.

काळा_धूर
इंजेक्टर कट नकोच. बूस्टवर असताना पेट्रोल तोडलं की मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि पिस्टन जातो. इग्निशन कटवाला बॉक्स घ्या.

चौथा_गियर
पेट्रोल पूर्ण बंद असेल तर सिलेंडरमध्ये नुसती हवा. जळायलाच काही नाही, तर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) कुठून येणार? धोका असतो तो अर्धवट कटचा. पोर्टच्या भिंतीला चिकटलेलं पेट्रोल थोडंथोडं आत येत राहतं आणि कट संपल्यावर तो थर परत बसेपर्यंत पहिली फायरिंग लीन जाते. उलट इग्निशन कटमध्ये न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं. टर्बाइन तापते, कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) वितळतो.

काळा_धूर
माझी गाडी इग्निशन कटवरच आहे, टर्बो शाबूत आहे.

चौथा_गियर
तुमच्या गाडीत कॅट आहे का ते आधी सांगा.

काळा_धूर
नाही, ट्रॅकचीच गाडी आहे. पण मुद्दा तोच राहतो.

सुसाट
लाँच कंट्रोल (सुटताना आरपीएम धरून ठेवणारं) ४००० आरपीएमला लावून बघा. सुरुवातीलाच बूस्ट तयार मिळतो, फरक लगेच जाणवेल.

जुनी_वायर
अहो, एबीएसच्या दिव्याबद्दल कुणीच विचारलं नाही. चाकांचा सिग्नल कुठून घेतलात? सेन्सर पॅसिव्ह की ॲक्टिव्ह (बाहेरून वीज घेणारा)? तारा मोजून कळत नाही, दोघांनाही दोनच असतात. पॅसिव्ह सेन्सर स्वतःच व्होल्टेज तयार करतो आणि कमी वेगाला ते फार क्षीण असतं. बॉक्सने त्यातून जरा ओढलं तरी एबीएसला ते चाक थांबल्यासारखं दिसतं.
आणि चारही टायरचे आकडे बाजूच्या भिंतीवरून वाचून जसेच्या तसे इथे लिहा.

निळी_हॅचबॅक
टायरचा काय संबंध? पुढचे नवे आहेत, सॉफ्ट कंपाउंड, २०५/५० आर १६. मागे कंपनीचेच, २०५/५५ आर १६. सेन्सर पॅसिव्ह आहेत. एबीएस युनिटजवळ तारांवर क्लिप मारून जोड घेतलाय.

जुनी_वायर
मग सापडलं. पुढच्या टायरचा व्यास साधारण ६११ मिमी, मागच्याचा ६३२. म्हणजे काहीही न घसरता पुढची चाकं मागच्यांपेक्षा ३.४ टक्के जास्त फिरतात. बॉक्सला तीच स्लिप वाटते. तुम्ही ठेवलेल्या ५ मधून खऱ्या घसरणीला उरले १.६ टक्के. टायर जोर लावतो तेव्हा थोडा घसरतोच, कोरड्या रस्त्यावर जास्तीत जास्त पकड १० टक्क्यांच्या आसपास मिळते. त्यामुळे बूस्ट आला रे आला की बॉक्स कापतो. एकसारख्या वेगाने जाताना काही होत नसणार, बघा.
नुसता आकडा वाढवून हे झाकू नका. मागे पुढच्याच मापाचे टायर घाला, किंवा बॉक्समध्ये चाकांचं कॅलिब्रेशन असेल तर सरळ रस्त्यावर, ॲक्सिलरेटर हलका ठेवून करून घ्या. मग ८ पासून सुरू करा. आणि त्या क्लिपा काढा. सोल्डर करा, तारा एकमेकींना पिळून न्या, इग्निशन कॉइलपासून लांब.

टायरप्रेमी
पुढे सॉफ्ट आणि मागे जुने कडक टायर असताना ट्रॅकवर जाऊच नका. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू आधी सुटेल, आणि तिथे हा बॉक्स काहीच करू शकत नाही.

निळी_हॅचबॅक
कॅलिब्रेशनचा पर्याय आहे. पण मग मागचे टायरच बदलतो. चारही सॉफ्ट घेऊ का?

टायरप्रेमी
हो. आणि एलएसडीचा विचार कराच.

सुसाट
माझी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, चारही चाकं ओढतात. मग बॉक्स तुलना कशाशी करणार?

जुनी_वायर
तिथे वेग जीपीएस किंवा ॲक्सिलरोमीटरवरून घ्यावा लागतो. नवा धागा काढा आणि टायरचे आकडे पहिल्या ओळीत लिहा.